पेटीवरची खोळ

गल्लीत तिला सगळे खोळवाली म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. माणसांना कपडे शिवणारे पैशाला पासरी मिळतात, ती म्हणायची, वस्तूंना कपडे शिवणारी मी एकटी. वॉशिंग मशीन, स्कूटर, सोफे, टीव्हीचे रिमोट, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरची ती आडवी होणारी खुर्ची, जे म्हणाल त्याला ती खोळ शिवून देई. माप आधी डोळ्यांनी घ्यायची, मग टेपने, आणि टेप मुकाट्याने डोळ्यांना दुजोरा द्यायची. जिन्याखाली राहणाऱ्या शेजारणीच्या जिभेला हाड नव्हतं. ती नव्या माणसाला बजावून ठेवी, "तिच्या घरी फार वेळ गप्प बसू नका. वस्तू समजून माप घेईल."

तिच्या स्वतःच्या घरात तर विचारायलाच नको. फ्रीजच्या दांडीलासुद्धा बाही होती. तिच्या नवऱ्याचा उभा जन्म शहराच्या बसचं स्टिअरिंग फिरवण्यात गेलेला. नोकरी संपली तरी सगळ्यांसाठी तो ड्रायव्हरच राहिला. त्याने एकदा विचारलं होतं, आपल्या सोफ्याचा रंग आपल्याला फक्त पाहुणे आल्यावरच दिसणार का. तर हो, तसंच होतं. जिन्यात पावलं वाजली की ती भराभरा खोळी उतरवायची, घडी करून कपाटात टाकायची, आणि पाहुणा खाली रस्त्याला लागायच्या आत पुन्हा चढवायची. वस्तू दाखवायची तेव्हा उघडी, एरवी झाकलेली, हा तिच्या घरचा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं.

इमारतीच्या मागे आधी नुसतं माळरान होतं. मग पत्र्याचं कुंपण आलं, कुंपणाच्या आत सिमेंटचा मनोरा उभा राहिला, आणि पोट गरगर फिरवत जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली. काँक्रीट कालवायचा कारखाना. शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारती चढत होत्या, त्यांना लागणारा माल इथे बनायचा. माल तिकडे, धूळ इकडे. अशी वाटणी करणारे लोक कधी इकडे राहायला येत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

खरं सांगायचं तर या धुळीने खोळवालीचा धंदा वाढवला. ज्यांनी आयुष्यात कधी खोळ वापरली नव्हती ती घरंही तिच्या दारात माप घेऊन आली. ती शिवत राहिली. जी धूळ आपल्या मशीनला काम देते तीच नवऱ्याच्या छातीत बसते, हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण कळणं वेगळं आणि पायाखालचं पायडल थांबवणं वेगळं.

ड्रायव्हरला धाप लागायची. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायचा, जणू पुढे स्टॉप आहे. छातीच्या डॉक्टरने श्वासाचा पंप दिला, गोळ्या दिल्या. त्याने आपली सोय आपणच लावली होती. सकाळी मनोरा घरघरायला लागला की तो बस पकडून लांबच्या बागेत जायचा, आपल्या जुन्या रूटवरच्या नव्या ड्रायव्हरांच्या चुका काढत बसायचा, आणि संध्याकाळी कारखाना थांबला की घरी यायचा. रात्र तेवढी त्याची होती. रात्री तो झोपायचा.

आणि मग कुंपणावर नोटीस लागली. कारखान्याला रात्रीही चालवायची परवानगी हवी होती, शिवाय दुसरा मनोरा. हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावं. डॉक्टरने ते ऐकलं आणि सरळ सांगितलं, दिवसा पळून जाता तोवर ठीक आहे, रात्रीही धूळ सुरू झाली तर या घरात राहायचं नाही. ड्रायव्हर हसला. म्हणाला, बागेला रात्री कुलूप असतं.

नोटीस लागायच्या बऱ्याच आधीपासून मीटरवाली त्या भागात हवेच्या पेट्या लावत फिरत होती. वीज कंपनीसाठी घरोघर मीटर वाचणं हे तिचं पोटाचं काम. शाळा अर्धवट सुटलेली, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि पायांना चाकं लावल्यासारखी चाल. फोनवर व्हिडिओ बघत, तारांना डाग देताना बोटं भाजून घेत तिने पेट्या जोडायला शिकून घेतलं होतं. सरकारी हवामापक यंत्र शहरात एकच, तेही झाडीत, साहेबांच्या बंगल्यांशेजारी. ते बिचारं रोज हवा छान असल्याचं सांगायचं, आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं. म्हणून आपली हवा आपण मोजायची, आणि आकडे उघडे ठेवायचे, कुणीही बघावेत, असा मीटरवालीचा हट्ट होता.

पेटी डब्याएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची. आतला इवलासा पंखा हवा ओढून घेणार, प्रकाशाची एक बारीक तिरीप त्या हवेतले कण मोजणार, आणि आकडा फोनवरच्या नकाशात जाणार. नकाशात प्रत्येक पेटीचा एक ठिपका. हवा चांगली तर हिरवा, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. खोळवालीच्या मागच्या खिडकीचं महत्त्व असं, की कारखान्याच्या सगळ्यांत जवळची खिडकी तीच. पेटी तिथे लागली. मीटरवाली एक पाय जिन्यात ठेवून भराभर सूचना देऊन गेली. बंद करू नका, चुलीजवळ नेऊ नका, दर महिन्याला एक फोटो पाठवा. आणि उतरता उतरता म्हणाली, "नाजूक आहे हं, मावशी. जपा."

खोळवालीला जपा म्हणून सांगितल्यावर ती दुसरं काय करणार होती?

त्याच दुपारी तिने खोळ शिवली. आडमुठी नव्हती ती. हवा आत जायला हवी हे तिला समजलं होतं. म्हणून जाड कापड न घेता पातळ सुती घेतलं, आतून मऊ अस्तर लावलं, खाली इलॅस्टिक. माणूस चादर तोंडावर ओढून झोपतो तेव्हा गुदमरतो का? मग पेटी कशी गुदमरेल? खोळ इतकी अंगासरशी बसली की तिने ड्रायव्हरला मुद्दाम बोलावून दाखवली. आठवड्याला ती खोळ उतरवून धुवायची, तेव्हा बादलीतलं पाणी राखाडी व्हायचं आणि तळाशी गाळ बसायचा. बघा, ती स्वतःशी म्हणायची, ही सगळी घाण पेटीत गेली असती.

महिन्याचा फोटो काढायची वेळ आली की ती खोळ उतरवायची. फोटो म्हणजे पाहुणाच. उघडी, लखलखीत पेटी फोटोत यायची, आणि मीटरवाली पेट्या ठेवणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर लिहायची, पेटी कशी ठेवावी ते मावशींकडून शिका.

नकाशात आजूबाजूचे ठिपके लाल, पिवळे, पुन्हा लाल. खोळवालीचा हिरवा. शेजारणीने टोमणा मारला, "काय गं, हवापण शिवून घेतलीस की काय?" खोळवाली वरवर रागावली, पण आतून सुखावली. आपल्या हातात स्वच्छता आहे, ती हवेलाही कळते, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं. मागच्या खिडकीला वारा नीट लागत असेल, असंही एक कारण तिने शोधून ठेवलं होतं. मीटरवालीलाही तो हिरवा ठिपका खटकला होता म्हणे. पण शेकडो जिने, दिवसभर मीटर, संध्याकाळी पेट्या. वर येऊन बघायचं राहून गेलं. फोटो तर येत होते.

सगळ्यांत वाईट झालं ते ड्रायव्हरचं. तो रोज फोनवर तो ठिपका बघायचा. आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस. एकदा त्याने विचारलं, "हिरवा आहे ना? मग मला का लागते धाप?" ती म्हणाली, "तुमच्या जुन्या सिगारेटी. आणखी काय?" सिगारेट त्याने कधीच सोडली होती. पण त्याने ते मनाला लावून घेतलं. आपल्याच कर्माचं फळ, इतरांना कशाला त्रास, असं म्हणून तो खोकला दाबायला लागला. उबळ आली की मोरीत जाऊन नळ सोडायचा. नळाचा आवाज तिला ऐकू यायचा. पाणी वाया घालवू नका, असं ती मशीनवरूनच ओरडायची.

सुनावणीला गल्ली लोटली. सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त. वर टेबलाशी अधिकारी, त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा, कुठे सुरकुती नाही की भाव नाही. एका बाजूला कारखान्याचा वकील. ड्रायव्हर आला नव्हता. दोन जिने चढायचे होते. खोळवाली ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती.

मीटरवाली बोलली आणि छान बोलली. एरवी दोन वाक्यांत भांडणारी ती, पण त्या दिवशी जीभ ताब्यात ठेवून एकेक ठिपका समजावून सांगत गेली. कुठल्या घराला किती लाल, कारखाना बंद असतो तेव्हा किती उतरतो, ट्रक सुरू झाले की किती चढतो. लोक माना डोलावत होते. अधिकारी लिहून घेत होते, निदान पेन तरी हलत होतं.

मग वकील उठला. आवाज लोण्यासारखा. म्हणाला, नागरिकांनी एवढे कष्ट घेतले, आमचा या आकड्यांवर पूर्ण विश्वास आहे. मीटरवालीने चमकून पाहिलं. शत्रू स्तुती करायला लागला की खिसा चाचपावा, एवढं तिला कळत होतं. वकिलाने तोच नकाशा भिंतीवर दाखवला आणि काठीचं टोक एका ठिपक्यावर टेकवलं.

"ही पेटी आमच्या कुंपणाला लागून आहे. हिच्याइतकी जवळ दुसरी एकही नाही. आणि हिचा रंग बघा. धूळ आमची असती तर आधी इथे पडली असती. ती उडी मारून पलीकडच्या गल्लीत कशी जाईल?"

पलीकडच्या लाल ठिपक्यांना त्याच्याकडे कारणं तयार होती. रस्ते, वाहनं, लोकांच्या चुली, लोकांचा कचरा.  सभागृहातली एकेक मान वळायला लागली. पहिल्या रांगेकडे.  खोळवालीला कारण माहीत नव्हतं, पण कपड्याची शिवण उसवताना जसा आधी एक बारीक आवाज येतो, तसं तिला आत काहीतरी ऐकू आलं.

अधिकाऱ्यांनी चहासाठी थोडा वेळ दिला. मीटरवालीने तिला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, पेटीसमोर काही ठेवता का, खिडकी लावून घेता का, पडदा वगैरे?

"नाही गं. काही म्हणजे काही नसतं. नुसती खोळ असते."

"कसली खोळ?"

खोळवालीने हातांनी दाखवली. अशी वरून, खाली इलॅस्टिक. मीटरवाली भिंतीला टेकली. तिला ओरडायचं होतं. शेवटी अगदी हळू म्हणाली, "मावशी, तुम्ही हवा गाळून पाठवत होतात."

मग तिच्या डोक्यात काही चमकलं असावं. खोळ कुठे आहे, तिने घाईने विचारलं, आत्ता कुणालातरी पाठवून मागवू, तिच्यावर बसलेली धूळच टेबलावर झटकू, मग बघते तो वकील काय म्हणतो. खोळवालीचा चेहरा उतरला. सुनावणी म्हणून काल तिने घरातल्या सगळ्या खोळी धुतल्या होत्या. ती पण. निळीच्या पाण्यातून काढली होती.

मीटरवाली हसली. ते हसणं ऐकून चहावाल्यानेही मान वर केली. मग तिने खोळवालीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि काय करायचं ते सांगितलं. खोळीचा उच्चार करायचा नाही. मी सांगते की ती एक पेटी बिघडलेली होती. यंत्र आहे, बिघडतं. एक पेटी गेली तरी बाकीच्या उभ्या राहतील. पण झाकली होती म्हणालात, तर उद्या म्हणतील की बाकीच्यांनी काय केलं असेल कुणास ठाऊक. सगळ्या बुडतील. तुम्ही फक्त गप्प बसा, मावशी, एवढंच करा.

ती गप्प बसणार होती. देवाशपथ गप्प बसणार होती. आत गेल्यावर मीटरवालीने ठरल्याप्रमाणे सांगितलं, ती पेटी नादुरुस्त होती. वकिलाने महिन्यांमागून महिन्यांचे फोटो भिंतीवर लावले. ग्रुपमधल्या कुणाकडून त्याने ते मिळवले देव जाणे. लखलखीत पेटी, खाली मीटरवालीचीच अक्षरं, पेटी कशी ठेवावी ते मावशींकडून शिका. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला आणि पेटी ठेवणाऱ्या बाई आल्या आहेत का, असं विचारलं. ती उभी राहिली. पेटी बिघडली होती का, एवढाच प्रश्न होता. हो म्हटलं की काम झालं असतं.

पण भिंतीवर तो हिरवा ठिपका अजून तसाच होता, ताटाएवढा मोठा. आणि तिला मोरीतल्या नळाचा आवाज आठवला. तो ठिपका खोटा आहे हे तिला सगळ्यांना सांगायचं होतं, आणि नुसता यंत्राचा दोष म्हणून नाही. त्या ठिपक्याखाली एक माणूस स्वतःलाच दोषी धरत बसला होता. बिघाड म्हटलं की त्यातलं काहीच कुणाला कळणार नव्हतं.

"पेटी चांगली होती, साहेब," ती म्हणाली. "मी तिला खोळ घातली होती. दर आठवड्याला धुवायची. पाणी राखाडी व्हायचं, खाली सिमेंटचा गाळ बसायचा. तुमच्या आकड्यात जे आलं नाही ते सगळं माझ्या बादलीत यायचं. माझ्या माणसाच्या छातीतपण तेच आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, ते बहुधा खोळ या शब्दाला. शेजारणीने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की ते हसू तिथेच मेलं. अधिकारी म्हणाले, बादलीतल्या पाण्याची नोंद नाही. वकिलाला फार बोलावं लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, बाई प्रामाणिक आहेत, त्यांचे आभार, पण अशा घरगुती हातांत असलेल्या यंत्रांवर किती भिस्त ठेवायची ते साहेबांनीच ठरवावं. साहेबांनी ठरवलं. नागरिकांचे आकडे, सगळेच्या सगळे, विचारात घेता येणार नाहीत. सरकारी यंत्राचे आकडे मात्र घेता आले. ते झाडीतलं.

परवानगी मिळाली. रात्रीची आणि दुसऱ्या मनोऱ्याची, दोन्ही.

पायऱ्यांवर मीटरवाली तिला वाट्टेल ते बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं बोलायची हौस तुम्हाला, आणि किंमत सगळ्या गल्लीने मोजायची, असा त्याचा अर्थ. खोळवालीने मान खाली घालून ऐकलं. एकदाच म्हणाली, तू एकदा वर आली असतीस तर. त्यानंतर सायकलचं कुलूप उघडायला मीटरवालीला बराच वेळ लागला. कोण बरोबर होतं हे ज्याला सांगायचं असेल त्याने सांगावं. दोघी खऱ्या होत्या आणि कारखाना रात्री चालू झाला.

घरी तिने ड्रायव्हरला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "म्हणजे सिगारेट नव्हती तर." आणि त्या संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर, पोटभर खोकला.

थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या गावी आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेला. हवा मोकळी, मेहुणा बोलका, खोलीला वेगळं दार. खोळवाली जाऊ शकली नाही. तिची गिऱ्हाइकं इथे, मशीन इथे, आणि त्याच्या औषधांना पैसे तर लागणारच होते. जाईन थोड्या दिवसांनी, ती म्हणाली. थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघांनीही विचारलं नाही. पुढची सुनावणी परवान्याची मुदत संपल्यावर.

पेटी आता उघडी आहे. मीटरवाली अधूनमधून स्वतः वर येते, फडक्याने जाळी पुसते, आकडा बघते. बसत नाही, चहा घेत नाही, पण येते. जिने चढून सगळ्यांकडेच जाते. ठिपका बहुतेक दिवस लाल असतो.

ड्रायव्हरकडे साधा फोन आहे, नकाशा दिसणारा फोन त्याने इथेच ठेवला. रोज संध्याकाळी तो फोन करतो आणि आधी ठिपक्याचीच चौकशी करतो. एकदा मनोऱ्याचं काही मोडलं, ट्रक बंद होते, ठिपका हिरवा झाला आणि तिने आनंदाने सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी तो दारात उभा, हातात बॅग, दाढी केलेली. दुपारी मनोरा दुरुस्त झाला. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, तिथून परस्पर बहिणीकडे. जाताना त्याने गाडीच्या खिडकीतून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता आणि ते तिला दिसू नये अशी त्याची इच्छा होती.

त्यानंतरही कारखाना मधूनच थांबतो. काल थांबला होता. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ती मागच्या खिडकीशीच होती, बाहेर सगळं शांत, आणि हातातल्या नकाशात तिचा ठिपका हिरवागार.

"आज कसा आहे गं?"

"लाल आहे," ती म्हणाली.

 त्याने विचारलं की जेवलीस का, आणि ती म्हणाली हो.